नमनालाच घडाभर तेल: सेमिस्टरच्या पहिल्या लेक्चरबद्दल आमच्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

नमस्कार.

नवीन सेमिस्टर लागलं. टाइमटेबल व्हॉट्सअप ग्रुपवर पडलं, मग सुधारित टाइमटेबल पडलं, मग "आधीचं धरू नका, हे फायनल" असं म्हणून तिसरं पडलं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस झाल्या, कुणी कुठल्या बाकावर बसायचं ते तर कुणी न सांगताच ठरलं आणि आता परीक्षेपर्यंत ते बदलणार नाही. तर नव्याचे नऊ दिवस संपायच्या आत तुमच्याशी एक बोलायचं होतं. हे पत्र कुणा एका सरांना नाहीये, या सेमला आम्हाला शिकवणाऱ्या सगळ्यांना आहे, आणि खरं तर जिथे कुठे सध्या नवीन सेम चालू होतंय तिथल्या सगळ्याच शिकवणाऱ्यांनी वाचलं तरी चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. पहिल्या लेक्चरला सिलॅबस वाचून दाखवू नका. शिकवा. त्या विषयातलं काहीतरी खरंखुरं, त्याच तासाला.

आता सविस्तर. पहिला आठवडा बाकावरून कसा दिसतो ते सांगते, कारण तुम्हाला तो फक्त समोरून दिसतो. सर येतात, अटेंडन्स घेतात. मग प्रोजेक्टर लागत नाही, कुणालातरी उठवून वायर हलवायला सांगतात, मग लागतो. पडद्यावर सिलॅबसची पीडीएफ येते, तीच जी आमच्या मोबाइलमध्ये आधीपासून पडलेली आहे. युनिट एक, वाचतात. युनिट दोन, वाचतात. युनिट तीनला आवाज जरा खाली येतो कारण त्यांनाही कंटाळा आलेला असतो. मग मार्कांची विभागणी, इंटर्नलला इतके, एंड सेमला इतके, जर्नल कम्प्लीट नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही. मग रेफरन्स बुक्स, पाच-सहा नावं, "लायब्ररीत असतील बघा". मग अटेंडन्सचा नियम. मग "काही डाउट?" आता डाउट कशावर असणार, अजून काही सांगितलंच नाही तर. मग घड्याळाकडे बघून, "ठीक आहे, आज एवढंच, पुढच्या तासापासून सुरू करू."

हे वाक्य या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक विषयाला ऐकलं. पीडीएफ वेगळी, तास तोच. आणि गंमत अशी की दुपारपर्यंत कुठल्या विषयाचं इंटर्नल किती मार्कांचं आणि कुठल्या विषयाला असाइनमेंट आहे की प्रेझेंटेशन हे सगळं डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेलं असतं, म्हणजे ज्या माहितीसाठी तास घालवला ती माहितीसुद्धा हाताशी राहत नाही, ती परत ग्रुपवर विचारावीच लागते. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ना, तसं. आणि इथे तर नमन झालं की पडदाच पडतो, नाटक पुढच्या तारखेला.

त्यात काही जणांचा अजून एक आयटम असतो, भीती घालण्याचा. "हा विषय हलक्यात घेऊ नका, मागच्या बॅचचे निम्मे उडालेत." हेतू कळतो मला, आम्ही पहिल्यापासून सिरियस व्हावं म्हणून. पण बाकावर काय होतं ते ऐका. ज्याला विषय झेपणारच आहे तो हे ऐकून सोडून देतो, आणि ज्याच्या पोटात आधीच गोळा आहे तो तिथल्या तिथे ठरवतो की हे आपलं काम नाही, पासिंगपुरतं बघू. विषयातलं एक अक्षर पाहिलेलं नाही आणि याचा निकाल लागला पण. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने असल्या एका लेक्चरनंतर पहिलं काय केलं असेल तर सीनियरला मेसेज टाकला, "इम्पॉर्टंट क्वेश्चन्स आहेत का कुणाकडे." पहिल्या दिवशी! मला तिचं काहीच चुकलं असं वाटत नाही. तिला जे सांगण्यात आलं त्याचा तिने बरोब्बर अर्थ काढला, की हा विषय म्हणजे पास होण्याची एक भानगड आहे आणि तिच्यातून सुटायचंय.

बरं, निम्मे उडाले यात नुसती मुलांचीच हजेरी का घ्यायची? २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनियरिंग आणि गणित शिकवण्यावरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले होते. जिथे मुलं नुसतं लेक्चर ऐकतात तिथे नापास होण्याचं सरासरी प्रमाण साधारण ३४ टक्के निघालं, आणि जिथे तासालाच मुलांकडून काहीतरी करून घेतात, प्रश्न सोडवायला लावतात, शेजारच्याशी वाद घालायला लावतात, तिथे साधारण २२ टक्के. विषय तेच, मुलंही साधारण त्याच वयाची. म्हणजे किती जण उडणार हे विषय किती अवघड आहे यावर जसं ठरतं तसं तासाला काय चालतं यावरही ठरतं, आणि तासाला काय चालवायचं ते तुमच्या हातात आहे, आमच्या नाही.

आता चांगलं सांगते, कारण नुसती रडगाणी गायला हे पत्र लिहीत नाहीये.

स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम. आल्या, नाव सांगितलं, अटेंडन्स नंतर घेते म्हणाल्या (त्यांनी खरंच नंतर घेतली) आणि वर्गाचे सरळ दोन भाग केले. खिडकीकडच्या सगळ्यांनी नाणं काढायचं, शंभर वेळा उडवायचं आणि छापा आला की काटा ते ओळीने कागदावर लिहायचं. दाराकडच्यांनी नाणं अजिबात काढायचं नाही, मनानेच शंभर छापे-काटे लिहायचे, पण असे की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे खरंच उडवलंय. कागदावर नाव नको, मागच्या बाजूला बारीक खूण करून ठेवा, खरं की खोटं. आणि एवढं सांगून मॅडम बाहेर निघून गेल्या.

वर्गात जो काही गोंधळ झाला. अर्ध्या वर्गात नाण्यांचा खणखणाट, कुणाचं नाणं बाकाखाली गेलं, कुणी दोघांत एक नाणं घेतलं, आणि आम्ही दाराकडचे लोक आपापल्या कागदावर हुशारी करत बसलो. मी पण. छापा, काटा, काटा, छापा, मग वाटलं फारच एकाआड एक होतंय म्हणून मुद्दाम तीन छापे सलग टाकले आणि स्वतःवर खूश झाले. चार सलग टाकायची हिंमत झाली नाही, म्हटलं पकडतील.

मॅडम परत आल्या, कागदांचा गठ्ठा घेतला, आणि एकेक कागद वर धरून दोन-तीन सेकंद बघून दोन ढीग करायला लागल्या. हा खरा. हा खोटा. खोटा. खरा. वर्ग एकदम चिडीचूप. मग ढीग उलटे करून खुणा तपासल्या तर जवळपास सगळे बरोबर! माझा कागद अर्थातच खोट्याच्या ढिगात. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, कसं?" आणि मला वाटतं या आठवड्यात सगळ्या विषयांत मिळून कुणाच्या तोंडून मनापासून आलेला तो पहिला प्रश्न होता.

उत्तर असं की नाण्याला आठवण नसते. आधी चार वेळा छापा आला म्हणून आता काट्याची पाळी, असं नाण्याला वाटत नाही, ते आपल्याला वाटतं. म्हणून माणूस मनाने लिहायला बसला की तीन-चार सलग झाले की त्याचा हात आपोआप बदलतो. खऱ्या नाण्याचं तसं नाही. शंभर वेळा उडवलं तर कुठेतरी सलग सहा किंवा जास्त सारखे येण्याची शक्यता जवळजवळ ८० टक्के आहे, आणि सलग पाच तर ९७ टक्क्यांच्या आसपास. मॅडम कागदावर फक्त लांब रांग शोधत होत्या. बस, एवढीच जादू.

आणि याच्या पुढचं मला जास्त आवडलं. दोन-तीन कागद मॅडमचे चुकले होते, म्हणजे नाणं खरंच उडवलेलं पण लांब रांग काही आली नव्हती, म्हणून त्यांनी खोट्यात टाकलेले. ते कागद त्यांनी लपवले नाहीत, वेगळे काढून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाल्या, हे असं होणारच, अशा कागदांना मी निष्कारण खोटं ठरवणार हे मला आधीच माहीत होतं, किती वेळा चुकेन त्याचा अंदाजसुद्धा काढता येतो, आणि तो कसा काढायचा ते आपलं शेवटचं युनिट आहे. संपलं. हायपोथिसिस टेस्टिंग (हातातले आकडे बघून एखादा दावा मानायचा की नाही ते ठरवणं) नावाची जी गोष्ट सीनियर लोक कपाळाला हात लावून सांगतात ती आम्हाला पहिल्या तासाला, नाव न घेता, कळली होती. पूर्ण नाही, पण दार उघडलं होतं. सिलॅबसची पीडीएफ त्यांनी संध्याकाळी ग्रुपवर टाकली, खाली मार्कांची विभागणी दोन ओळींत. कुणाचं काही अडलं नाही. उलट मी ती पीडीएफ उघडून वाचली, शेवटच्या युनिटपर्यंत, जे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्या तासावरून एवढं काय ठरतं, अख्खं सेम पडलंय. ठरतं हो. शितावरून भाताची परीक्षा आम्ही करतोच, आणि ती आमची एकट्यांची खोड नाही. १९९३ साली नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेनथाल या दोघांनी हार्वर्डमध्ये एक प्रयोग छापला. शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ घेतले, प्रत्येकाचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज बंद, आणि ज्यांनी त्या शिक्षकांना कधी पाहिलेलं नाही अशा विद्यार्थिनींना दाखवून गुण द्यायला सांगितले, हे किती उत्साही वाटतात, किती आत्मविश्वास दिसतो वगैरे. मग ते गुण आणि त्या शिक्षकांच्या खऱ्या विद्यार्थ्यांनी सेमिस्टर संपल्यावर दिलेले गुण ताडून पाहिले, तर दोन्ही बऱ्यापैकी जुळले. अर्ध्या मिनिटाचा मूकपट बघून! मग तुकडे दोन-दोन सेकंदांचे केले तरी ताळमेळ राहिलाच. म्हणजे सेम संपताना तुम्ही जो फीडबॅक फॉर्म भरायला देता तो आम्ही बहुतेक पहिल्याच दिवशी, तुम्ही प्रोजेक्टरची वायर हलवत असताना, मनात भरून ठेवलेला असतो.

हे मी आमची बाजू भक्कम करायला सांगितलं असं वाटेल, पण तसं नाहीये, कारण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमचं पहिलं मत पटकन बनतं, पण ते बरोबर असतंच असं नाही. हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवरचा २०१९ सालचा एक प्रयोग आहे, लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांचा. मुलांचे दोन गट. एका गटाला एकदम गुळगुळीत, सफाईदार लेक्चर, दुसऱ्या गटाला तोच मजकूर पण आधी स्वतः गटात बसून गणितं सोडवा मग चर्चा. नंतर टेस्ट घेतली तर ज्यांनी स्वतः धडपड केली त्यांना जास्त आलं होतं. पण विचारलं की किती शिकलात असं वाटतं, तर त्याच मुलांना वाटत होतं की आपण कमी शिकलो. सोपं लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि स्वतः करायला घेतलं की घाम फुटतो, त्या घामालाच माणूस "मला येत नाही" समजतो. म्हणून सर, तुम्ही जर पहिल्याच तासाला आम्हाला कामाला लावलंत आणि आमची तोंडं वाकडी झाली तर लगेच माघार घेऊ नका. आधी सांगून टाका की हे आता अवघड वाटेल आणि तेच बरोबर आहे. आम्ही कुरकुर करू. ती कुरकुर म्हणजे काम चालू असल्याचा आवाज समजा.

आता पहिल्या आठवड्यातलं दुसरं अजरामर वाक्य. "हे तुम्हाला मागच्या सेमला झालंय ना?"

यावर अख्खा वर्ग मान हलवतो. हो सर. सर खूश, पुढे चला. आणि खरं काय असतं ते सर तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही, झालंय म्हणजे परीक्षा झालीये, पेपरमध्ये लिहून आलोय आणि बाहेर पडता पडता पाटी कोरी. डिफरन्शियल इक्वेशन्स झाल्यात? झाल्यात की. येतात? पुढचा प्रश्न विचारा. हे काही आजच्या मुलांचं नाही, मोबाइलमुळे तर अजिबात नाही, कारण हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे छापलेलं आहे. तो अर्थहीन अक्षरांच्या लांब याद्या पाठ करायचा आणि काही वेळाने परत पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजायचा. तासाभरातच निम्म्याहून जास्त फायदा उडून गेलेला असायचा. पण त्याच आकड्यांत एक दिलासाही आहे, महिन्याभरानेही परत पाठ करताना मेहनत पाचवा हिस्सा कमी लागायची. म्हणजे विसरलेलं पूर्ण पुसलं गेलेलं नसतं, खाली कुठेतरी असतं, वर काढायला मात्र कुणीतरी लागतं.

ते तुम्ही काढा. "झालंय ना" विचारण्याऐवजी पहिल्या तासाला दहा मिनिटांची एक टेस्ट घ्या, मागच्या सेममधल्या ज्या चार-पाच गोष्टींवर हा विषय उभा आहे तेवढ्याच. मार्क नाहीत, नाव नाही, रजिस्टरमध्ये नोंद नाही. टेस्ट म्हटलं की वर्ग हाय खाईल हे गृहीत धरा, पण त्याचे दोन फायदे आहेत. एक तर तुम्हाला खरं कळेल की जमीन कुठे भुसभुशीत आहे, आमच्या माना बघून ते कधीच कळणार नाही. आणि दुसरं म्हणजे आठवायचा प्रयत्न करणं हाच अभ्यास असतो. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग यावर बराच गाजलेला आहे. मुलांना उतारे वाचायला दिले, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी परत न वाचता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. आम्ही सगळे अभ्यास म्हणून जे करतो ते परत वाचणं असतं, तेही हायलायटर मारत मारत, आणि हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या तासाला रेफरन्स बुकांची यादी सांगण्याऐवजी एवढं एक सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

तुम्ही म्हणाल स्टॅटिस्टिक्सला नाणी उडवता येतात, आमच्या विषयात काय उडवायचं. मला राहवत नाही म्हणून दोन सुचवते, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

लिनियर अल्जेब्रा. या विषयाचा पहिला तास "युनिट एक, मॅट्रिसेस अँड डिटरमिनंट्स" असा झाला, आयगनव्हॅल्यू हा शब्द युनिट चारमध्ये येऊन गेला आणि कुणाच्या चेहऱ्यावरची माशी उठली नाही. तोच तास या प्रश्नाने सुरू झाला असता तर? समजा चार वेबसाइट आहेत, त्या एकमेकींना लिंक देतात, फळ्यावर चार गोल काढून बाण काढा, आणि सांगा यातली सगळ्यात महत्त्वाची कुठली. पहिलं उत्तर येणार, जिच्याकडे जास्त बाण जातात ती. मग तुम्ही विचारणार, फालतू साइटने दिलेला बाण आणि मोठ्या साइटने दिलेला बाण सारखाच धरायचा का? नाही ना. मग मोठी कुठली हे कळायला आधी मोठी कुठली हे माहीत पाहिजे, झाली पंचाईत. ही गाठ सोडवायची म्हणजे बाणांचा आकड्यांत तक्ता मांडायचा, म्हणजे मॅट्रिक्स, आणि तिचा आयगनव्हेक्टर काढायचा (मॅट्रिक्सने गुणल्यावर जिच्यातले सगळे आकडे एकाच पटीत बदलतात अशी आकड्यांची यादी, आणि ती पट म्हणजे आयगनव्हॅल्यू), आणि १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी पेजरँक म्हणून जे मांडलं आणि ज्यावर गूगल उभं राहिलं त्याच्या पोटात हेच आहे. हे मला सिलॅबसमध्ये नाही, सुट्टीत असंच वाचताना सापडलं. युनिट चार येईपर्यंत वर्ग वाट बघेल की नाही सांगा.

दुसरं, ऑसिलेशन्स अँड वेव्ह्ज. टाकोमा नॅरोज नावाचा अमेरिकेतला झुलता पूल, ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्याने पिळवटून पिळवटून पडला, त्याचं चित्रीकरण आहे, कुठेही मिळतं. रस्ता दोरीसारखा वळतोय आणि मधोमध एक गाडी अडकलीये, त्या गाडीत एक कुत्रा होता, तेवढाच बिचारा गेला, माणूस एकही नाही. हे दाखवायचं आणि विचारायचं, का पडला? अर्धा वर्ग छातीठोकपणे सांगणार, रेझोनन्स (झोक्याला त्याच्याच ठेक्यात धक्के दिले की तो वाढत जातो, तसं), कारण पुस्तकांत वर्षानुवर्षं तसंच छापलंय. आणि मग तुम्ही सांगायचं की बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये फिजिक्सच्याच जर्नलमध्ये लिहून ठेवलंय की हा साधा, बाहेरून ठेका देणारा रेझोनन्स नव्हता, पुलाची हालचालच वाऱ्यातून आणखी ताकद ओढून घेत होती. पुस्तकातलं वाक्य फिजिक्सच्याच जर्नलमध्ये खोडून काढलंय हे पहिल्या तासाला कळलं तर त्या मुलाचं पुस्तकाकडे बघणंच बदलतं.

मोबाइल-लॅपटॉप बंदीबद्दल एकच. प्रत्येक जण पहिल्या दिवशी ती जाहीर करतो आणि कारण कुणीच देत नाही. कारण द्या की, चांगलं कारण आहे. २०१३ च्या एका प्रयोगात दिसलंय की वर्गात जो लॅपटॉपवर भलतंच करत बसतो त्याचं तर नुकसान होतंच, पण ज्याला त्याचा स्क्रीन दिसतो त्याचेही मार्क कमी येतात. हे सांगितलंत तर मागच्या बाकावरचेच पुढच्याला म्हणतील, बंद कर रे ते. हाताने लिहिलं की जास्त लक्षात राहतं हे जे सगळे सांगतात ते मात्र तेवढं पक्कं नाही, ज्या २०१४ च्या प्रयोगावरून हे सांगतात तो नंतर लोकांनी परत करून पाहिला तेव्हा तसाच निकाल आला नाही, त्यामुळे जी टॅबवर नीट नोट्स घेतेय तिला घेऊ द्या. सकाळी आठच्या लेक्चरबद्दल मी काही बोलत नाही, टाइमटेबल तुम्ही लावत नाही. एवढंच की विशीच्या आसपास माणसाचं झोपेचं घड्याळ आयुष्यातलं सगळ्यात उशिराचं असतं, हे मोजून पाहिलेलं आहे, म्हणून पहिल्या बाकावर कुणी पेंगताना दिसलं तर तो अपमान धरू नका.

सगळ्यात जास्त ज्यांनी हे मनावर घ्यावं असं वाटतं ते म्हणजे इलेक्टिव्ह, म्हणजे आम्ही निवडायचे विषय, शिकवणारे. इलेक्टिव्ह बदलायची मुदत सेमच्या सुरुवातीलाच संपते. म्हणजे आम्हाला हातात एक-दोन लेक्चर मिळतात आणि त्यावरून ठरवायचं की हा विषय घ्यायचा की तो. आता त्या दोन लेक्चरांत जर सगळीकडे पीडीएफच वाचली गेली तर आम्ही कशावर ठरवणार? मार्क कोण सढळ देतं यावर आणि मैत्रिणी कुठे जातायत यावर. हार्वर्डला यासाठी कित्येक वर्षं शॉपिंग वीक नावाचा प्रकार होता, पहिला आठवडा कुठल्याही वर्गात जाऊन बसा, बघा, मग नाव नोंदवा. तिथल्या प्राध्यापकांनी २०२२ मध्ये मतदान करून तो बंद करायचं ठरवलं, कारण कुणाच्या वर्गात किती जण येणार हे आधी कळत नाही, मग शिकवायला सहायक नेमायची पंचाईत होते. त्यांची अडचण खरी असेल. पण ज्यांच्याकडे शॉपिंग वीक नाही त्यांच्याकडे तर पहिलं लेक्चर हीच एकमेव शोकेस आहे, आणि तिच्यात आपण नियमावली टांगतो.

तुमच्या बाजूने काय काय येणार ते माहीत आहे. पहिल्या दिवशी अर्धा वर्गच नसतो, ॲडमिशन चालू असतात, मग शिकवलेलं परत शिकवावं लागतं. खरं आहे. पण सर, अर्धा वर्ग नसतो कारण सीनियर सांगतात की पहिल्या आठवड्यात काही होत नाही, जाऊ नका. हे सीनियरना आम्ही सांगितलेलं नाही. आणि मी युनिट एक शिकवा म्हणतच नाहीये, नाण्यांचा तास चुकला म्हणून कुणाचं गणित अडलं नाही, फक्त त्यांना ऐकून हळहळ वाटली, आणि पुढच्या तासाला ते झाडून आले. दुसरं, नियम सांगितले नाहीत तर नंतर मुलं भांडतात. मग लेखी द्या, एका पानावर, सही घ्या हवं तर. तोंडी सांगितलेलं तसंही आम्ही नाकबूल करतोच. तिसरं जे कुणी उघड बोलत नाही ते म्हणजे तुम्हाला कुठला विषय शिकवायचाय हेच कधीकधी आदल्या दिवशी कळतं. हे ऐकून मात्र मला खरंच वाईट वाटलं, आणि याचं पत्र दुसऱ्याच कुणालातरी लिहायला हवं.

आमच्याकडून काय, तर तुम्ही प्रश्न विचारलात आणि वर्ग गप्प बसला तर ती शांतता जरा सहन करा, लगेच स्वतःच उत्तर देऊ नका. आम्हाला सवय झालीये, थोडं थांबलं की सर स्वतःच सांगतात. दहा-पंधरा सेकंद थांबलात तर कुणीतरी तोंड उघडतंच, बहुतेक चुकीचं बोलेल, पण उघडेल.

एका विषयाचं पहिलं लेक्चर अजून व्हायचंय, सर रजेवर होते, टाइमटेबलप्रमाणे आता गुरुवारी दुपारी आहे. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सिलॅबसची पीडीएफ सीआरने (वर्गप्रतिनिधीने) ग्रुपवर टाकलेली आहे, सगळ्यांनी डाउनलोड केलीये, अटेंडन्सचा कागद आम्हीच फिरवून तुमच्या टेबलवर ठेवू, आणि प्रोजेक्टरची वायर तुम्ही यायच्या आधी लावून ठेवायचं कबूल झालंय. तास पूर्ण तुमचा.

आपली,
दुसऱ्या वर्षाची, दाराकडच्या रांगेत बसणारी एक विद्यार्थिनी